एका गावाचा एक आवाज

ज्या थंडीत मुंबईच्या वर्तमानपत्रात बातमी आली, की अमेरिकेत जास्त मतं पडलेला माणूस हरला आणि कमी मतं पडलेला अध्यक्ष झाला, त्या थंडीत मला त्या बातमीचा जेवढा संताप आला तेवढा प्रत्यक्ष हरलेल्या माणसालाही आला नसेल. अमेरिकेशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मी ठाण्याच्या शाळेत इतिहास आणि इंग्रजी शिकवणारा मास्तर. पण थोड्याच दिवसांपूर्वी कल्याणच्या देवळात मीही जास्त मतं पडून हरलो होतो, आणि घरी माझी आई अंथरुणाला खिळली होती.

मी वाळीत पडलो होतो, आणि तेही एका जेवणापायी. शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या मित्रानं एका बालविधवेशी लग्न केलं. लग्न मुंबईला झालं. मी गेलो, पंक्तीला बसलो आणि पोटभर जेवलो. जिलबी उत्तम होती हे आजही सांगतो. मी ठाण्याला परतायच्या आत बातमी घरी पोचली होती, आणि पंक्तीला कोण कोण होतं, कोणी काय काय वाढून घेतलं, हेही लोकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मग जे व्हायचं ते झालं. भटजी यायचे थांबले. न्हाव्याला तंबी मिळाली. शेजारीण रोज विरजण द्यायची, तिनं ते बंद केलं, आणि माझ्या बायकोला त्या विरजणाचं जितकं लागलं तितकं कशाचंच लागलं नाही. येत होता तो फक्त मित्र, कारण तोही आमच्यासारखाच बाहेरचा. आई त्याच्याशी बोलायची. त्याच्या बायकोच्या हातचं पाणी मात्र तिनं कधी घेतलं नाही. ती आली की आई भिंतीकडे तोंड करून पडायची.

आईचे दहा गेले पाच राहिले होते हे आम्हाला दिसत होतं, आणि तिलाही कळत होतं. तिचा एकच प्रश्न असायचा. सकाळी तोंड धुतलं की विचारायची, संध्याकाळी दिवा लावला की विचारायची, "मला न्यायला चौघं येतील ना रे?"

वाळीत टाकलेल्या घरातल्या मढ्याला कोणी खांदा देत नसे. दिला तर तोही वाळीत. हे ती लहानपणापासून बघत आलेली. माझ्या पापपुण्याचं तिला फारसं काही नव्हतं, नवससायासांचाही नाद नव्हता. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या घरी मयताच्या वेळी पाणी तापवलं, रडणाऱ्यांना सावरलं, पिठलंभात करून पाठवला. आता आपल्या वेळेला दारात कोणी उभं राहणार नाही, या एका भीतीनं ती खंगत होती. मी "येतील गं" म्हणायचो आणि बाहेर येऊन ओटीवर डोकं धरून बसायचो. मी खोटं बोलतोय हे तिला कळत होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

प्रायश्चित्त घ्यायला मी तयार झालो होतो. पंचगव्य काय, सांगाल ते घशाखाली घालतो म्हटलं. पण कल्याणच्या वडीलधाऱ्यांची त्यावर आणखी एक अट होती. देवळात सगळ्यांसमोर मी म्हणायचं, की मी पाहिलं ते लग्न नव्हे आणि मित्राच्या घरात आहे ती त्याची बायको नव्हे. तेवढं माझ्या तोंडून निघत नव्हतं. आई म्हणायची, म्हणून टाक ना एकदा, जीभ झडते का. मित्रही म्हणाला, "म्हण रे. तू म्हटल्यानं ती काय माझी बायको नाहीशी होणार आहे?" पण त्याची बायको तिथेच तांदूळ निवडत बसली होती, आणि तिनं मान वर केली नाही. मी गप्प बसलो ते बसलोच. तेव्हा ठरलं, की अट काढून नुसत्या प्रायश्चित्तावर मला परत घ्यावं का, हे जातीच्या सभेनं सांगावं.

आमच्या सभेची रीत जुनी. ठाणं, कल्याण आणि खाडीच्या दोन्ही अंगांची लहानमोठी गावं मिळून आमची जात. प्रत्येक गावानं आपल्या घरी बसून काय ते ठरवायचं आणि एक पंच कल्याणला पाठवायचा. पंचानं देवळात उभं राहून आपल्या गावाचा आवाज सांगायचा. ठाण्याचा आवाज एक, कल्याणचा एक, आणि चार उंबऱ्यांच्या गावाचाही एकच. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, तो परमेश्वर आमच्याकडे असा गावोगाव वाटलेला होता.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आम्हा शाळा-कचेरीवाल्यांची एक खोड आहे. आम्हाला वाटतं, की शहाण्यांची गर्दी आपल्या बाजूला जमली की बाकीचे आपोआप ओशाळतील. म्हणून मी सगळा आश्विन ठाण्यात आणि कल्याणात दारोदार हिंडलो. वकील भेटले, कारकून भेटले, मामलेदार कचेरीतले भेटले. दारात उभं करून का होईना, सगळ्यांनी पाठीवर हात ठेवला. ठाण्याची बैठक झाली तेव्हा दोघे सोडून सगळे हात माझ्या बाजूनं वर गेले. कल्याणातही तसंच. त्या दिवशी घरी येऊन मी आईला छातीठोकपणे सांगितलं, की चौघं सोड, चाळीस येतील. ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

तुळशीची लग्नं झाल्यावर सभा बसली. एकेक पंच उठला. ठाणं हो म्हणालं. कल्याण हो म्हणालं. आणखी चारदोन गावं हो म्हणाली. मग नाही, नाही, नाही सुरू झालं. त्या नाहीवाल्या सगळ्या गावांतली माणसं एकत्र केली तरी ठाण्यातल्या माझ्या माणसांइतकी भरली नसती. मी उठून तसं म्हणालोही. कोणी रागावलं नाही. एक म्हातारे पंच एवढंच म्हणाले, "मास्तर, इथे डोकी मोजत नाहीत." मग पौषी पौर्णिमेला हा विषय आणखी एकदा, शेवटचा, घेऊ असं ठरवून सगळे उठले.

त्यानंतर ती अमेरिकेची बातमी आली. मित्र संध्याकाळी आला तेव्हा मी वर्तमानपत्र त्याच्यापुढे आपटलं. म्हटलं, हे बघ, तिथेही आपलेच भाऊबंद बसलेत. त्याच्याकडे मुंबईहून आणलेलं अमेरिकेच्या राज्यघटनेवरचं जाडजूड पुस्तक होतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ते घेऊन बसू लागलो. आतल्या खोलीत आई, मधल्या घरात बायको, आणि ओटीवर आम्ही दोघं जातीबाहेरचे मास्तर साता समुद्रापलीकडच्या लोकांनी आपला राजा कसा निवडावा याचा खल करत. बाहेरून जाणारे आम्हाला वेडे म्हणत असतील. मला मात्र त्यात एवढंच बघायचं होतं, की या रीतीला मुळात काही न्याय आहे का. न्याय असेल तर हरणं सोसता आलं असतं असं मला वाटत होतं.

मित्रानं मला समजावलं ते असं. तिथे लोक थेट अध्यक्ष निवडत नाहीत. प्रत्येक संस्थान आपले निवडणारे ठरवतं, आणि ते निवडणारे अध्यक्षाला मत देतात. संस्थानाला माणसांच्या मानानं काही निवडणारे मिळतात, आणि त्यावर लहान असो की मोठं, दोन सरसकट. शिवाय बहुतेक ठिकाणी अशी चाल पडली आहे, की संस्थानात ज्याची सरशी झाली त्याचेच सगळे निवडणारे. मग एकानं एखादं संस्थान थोडक्यात मारलं आणि दुसऱ्यानं दुसरं भरघोस मारलं, तरी थोडक्यातल्याचं पारडं कमी होत नाही.

"म्हणजे माझं ठाणं," मी म्हटलं.

"तुझं ठाणं," तो म्हणाला.

मग असं करून ठेवलं कशाला, हा माझा प्रश्न. तो पानं उलटायचा आणि सांगायचा. ती घटना लिहायला जमलेल्यांपैकी काहींचं म्हणणं होतं, की कायदे करणाऱ्या सभेनंच अध्यक्ष निवडावा. तर बाकीचे म्हणाले, मग तो त्या सभेच्या ताटाखालचं मांजर होईल. काही म्हणाले, लोकांनीच निवडावा. तर उत्तर आलं, की मुलूख एवढा पसरलेला, रस्ते नाहीत, बातमी पोचायला महिना लागतो. दूरच्या माणसाला हा उमेदवार कोण हे कळणार कसं. त्यापेक्षा आपल्या ओळखीचा, चार बुकं वाचलेला माणूस पाठवावा. लहान संस्थानांना धास्ती, की मोठी आपल्याला गिळतील. ती संस्थानं म्हणाली, आम्हाला काही वजन राहणार असेल तरच आम्ही तुमच्यात येतो. असं करत करत ही घडी बसली. कुणालाच ती पुरती पटली नव्हती, पण तिच्यावाचून एकत्रही येता येत नव्हतं.

"आणि गुलामांचं एक होतं," मित्र म्हणाला. दक्षिणेकडच्या संस्थानांत गुलाम फार. त्यांना मत द्यायचा तर प्रश्नच नव्हता. पण संस्थानाचं वजन ठरवताना मात्र ते मोजायचे, पाच गुलामांची तीन माणसं धरून. थेट लोकांची मतं मोजली असती तर गुलाम कुठेच दिसले नसते आणि धन्यांचं वजन घटलं असतं. निवडणाऱ्यांच्या रीतीत मुकी माणसंही धन्याच्या पारड्यात पडत. आता गुलामगिरी गेली, रीत राहिली.

माझी बायको मधल्या दारात येऊन केव्हाची उभी होती. ती एरवी आमच्या बोलण्यात पडत नसे. म्हणाली, "सभेच्या वेळी प्रत्येक गावाकडून शिधा घेतात, तो घरटी माणसं मोजून ना? त्यात आम्ही बायका असतो?"

मी म्हटलं असता.

"मग देवळात हो-नाही म्हणायच्या वेळी कुठे असतो?"

मित्र हसला, मी चिडलो. आईचं दुखणं एवढं वाढलेलं, आणि हिला शिध्याचं पडलंय. मी तिला आत जायला सांगितलं. ती गेली.

पण त्या पुस्तकानं एक केलं. पहिल्या सभेत मी उंटावरून शेळ्या हाकत होतो हे मला उमगलं. खाडीपलीकडच्या एकाही गावात मी पाऊल टाकलेलं नव्हतं. मग मार्गशीर्षातल्या सगळ्या सुट्ट्या मी त्यांत घातल्या. डोंबिवलीला तेव्हा स्टेशन नवंच झालेलं. तिथे उतरायचं, शेतांतून खाडीपर्यंत चालायचं, आणि भरती येईपर्यंत काठावर बसायचं, कारण ओहोटीला होडी चिखलाअलीकडे येत नसे. गावागावांत मी हात जोडले. जेवणाचं सांगितलं, आईचं सांगितलं. एक गाव वळलं, मग दुसरं. हिशेब बरोबरीवर आला. आता एकाच गावावर सगळं अडलं. नऊ घरांचं गाव, आणि त्याचे पंच तेच, डोकी मोजत नाहीत म्हणणारे म्हातारे.

त्यांनी मला अंगणाबाहेर बसवलं, पण स्वतःही उन्हात माझ्यासमोर येऊन बसले. त्यांचं गाव आदल्याच दिवशी बसलं होतं. पाच घरं नाही म्हणाली, चार हो. मी विचारलं, तुमचं घर कुठे होतं.

"चारांत," ते म्हणाले. "तू जेवलास ते काही मी मोठं पाप धरत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, काका, मग झालं तर. देवळात उभे तुम्हीच राहणार, तोंड तुमचं. तुम्ही हो म्हणा. पाच-चारच तर आहे. मी त्यांच्या पाया पडलो. माझी आई मरते आहे, तिला दुसरं काही नको, चौघं हवेत, असं मी त्यांना रडत सांगितलं. इतिहास शिकवणारा मोठा माणूस मी, त्या अंगणाबाहेरच्या धुळीत रडत होतो आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

त्यांनी मला उठून बसायची खूण केली. मग म्हणाले, "मास्तर, तू आज खाडी ओलांडून नऊ घरांच्या गावात का आलास? डोकी मोजली असती तर आला असतास?"

तेच पुढे म्हणाले,

"आमच्या एका पोराला मागे असंच टाकलं होतं. तेव्हा ठाण्याचं कोणी आलं नाही. आज आलास, कारण आमचा आवाज एक आहे आणि तुझाही एकच. तो गावानं माझ्या हाती दिलाय. मी त्यात माझ्या मनाचं बोललो, तर पुढच्या खेपेला हा गावाचा आवाज आहे असं कोण मानील? मग आम्ही नऊ घरं, तुमच्या एका आळीतही मावू."

त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येईना, आणि तेच मला सहन होत नव्हतं. त्या पुस्तकाची एवढी पानं वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या उन्हात शिरलं. रीत अन्यायाची नव्हती. ती कोणाच्या तरी भीतीवर बांधलेली होती, आणि ती भीती खरी होती. फक्त माझ्या आईची भीती त्यात कुठेही बसत नव्हती. मी उठलो. परत येताना होडीवाल्यानं विचारलं काम झालं का, आणि मी हो म्हटलं.

पौषी पौर्णिमेला देवळात सगळे आवाज झाले. बरोबरी झाली, आणि शेवटी ते उठले. "आमचं गाव नाही म्हणतं," असं म्हणून खाली बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. बाहेर चपला घालताना ठाण्याचे वकील मला म्हणाले, की फार वाईट झालं, आम्ही सगळे मनानं तुमच्याबरोबर आहोत. गाव करी ते राव न करी हे मला तेव्हा त्यांनीच ऐकवलं. मी घरी आलो. आईनं विचारलं नाही. माझ्या चेहऱ्यावर तिला कळलं असावं. तिनं भिंतीकडे तोंड वळवलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं, आवाज नाही. मी तिचे पाय दाबत बसलो. काहीच सुचत नव्हतं. मी जगावं कशाला, असं मला त्या वेळी खरोखर वाटलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी ती गेली. मी ठाण्यातल्या हात वर करणाऱ्यांच्या दारी गेलो. सगळ्यांच्या नाही, पहिल्या पाचसहांच्या. कोणाला ताप होता, कोणाला कचेरीत साहेबाचं बोलावणं होतं, एकजण दाराआडून रडला आणि म्हणाला, माझ्या दोन मुली लग्नाच्या आहेत. मी कोणाला दोष दिला नाही. दोष द्यायला अंगात त्राण नव्हतं. बाजारातून बांबू आणि सुंभ मी स्वतः आणलं. तिरडी मित्रानं आणि मी बांधली. दोघांनाही येत नव्हती, दोनदा सुटली.

दुपार झाली. तिरडीच्या पुढच्या अंगाला मी, मागे मित्र. विस्तवाचं मडकं मी धरायचं होतं. दोघांनी ती उचलणं शक्य नव्हतं हे आम्हाला दिसत होतं, तरी आम्ही उभे होतो. रस्त्यावरच्या ओट्यांवर माणसं येऊन उभी राहिली होती. हात जोडून.

तेव्हा मित्राची बायको दारातून बाहेर आली. पदर खोचला आणि नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. जिच्या हातचं पाणी आईनं घेतलं नाही, ती. मी काही म्हणणार तोच माझी बायको माझ्या डाव्या अंगाला आली. बायका मसणात जात नाहीत. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "एवढं तरी मोजा."

एका हातात मडकं आणि उजव्या खांद्यावर बांबू घेऊन मी निघालो. त्या दोघींना सवय नव्हती. तलावाकाठच्या वळणावर तिरडी कलली, मित्राच्या बायकोनं ती सावरली, आणि आम्ही चालत राहिलो. ओट्यांवरचं कोणी खाली उतरलं नाही.

पुढे काही वर्षांनी आपल्याकडेही गव्हर्नराच्या कायदे कौन्सिलात माणूस पाठवायची वेळ आली. तेव्हा नगरपालिकांनी आपापला एकेक माणूस द्यायचा आणि त्यांनी मिळून निवडायचं अशी रीत निघाली. ठाण्यात पुष्कळजण तावातावानं मला विचारायला आले, की मास्तर, ही मधली माणसं कशाला, थेट आमची मतं का नाही मोजत. मला कारणं पाठ होती. दूरचा मुलूख, अनोळखी उमेदवार, लहानांची धास्ती, मोठ्यांचा धाक. ती मी सगळी सांगितली. विचारणाऱ्यांत त्या दिवशीचे ओट्यांवरचेही होते.

आई रोज विचारायची, चौघं येतील ना. चौघं आली होती. त्यांतल्या दोघींना आमच्या सभेत आवाज नव्हता, आणि उरलेले दोघं सभेबाहेरचे होते.